संगणकाच्या गायरानावर मालकी कुणाची?

मोबाइल फोनसाठी अॅप लिहिणाऱ्या प्रोग्रामरांच्या वाट्याला एक अडचण हमखास येते. ‘फ्लटर’ या साधनाने बनविलेले अॅप त्यांच्या टेबलावर महिनाभर बिनबोभाट चालते. ग्राहकाच्या अँड्रॉइड फोनवर पोहोचले की मात्र ते मुके होते. सर्व्हरशी त्याचा संपर्कच होत नाही. सारे लेखन ओळीओळीने तपासले तरी चूक सापडत नाही, कारण चूक तेथे नसतेच. चाचणीच्या आवृत्तीला इंटरनेट वापरण्याची परवानगी हे साधन आपणहून जोडून देते; अंतिम आवृत्तीसाठी ती मागणारी ओळ प्रोग्रामरने स्वतः एका वेगळ्या फाइलीत लिहावयाची असते. उपाय एका ओळीचा आहे. तो ज्याला ठाऊक नाही त्याचे दोन दिवस आणि एका रात्रीची झोप जाते. ज्याला ठाऊक आहे तो अर्ध्या मिनिटात सांगून मोकळा होतो, आणि त्याबद्दल काही मागत नाही.

या अर्ध्या मिनिटाच्या मदतीचे अर्थकारण समाजवादी कार्यकर्त्यांनी समजावून घेणे आता अगत्याचे झाले आहे. वरवर पाहता हा मूठभर तंत्रज्ञांचा घरगुती मामला वाटेल. प्रत्यक्षात श्रमातून निर्माण होणाऱ्या सामाईक ज्ञानावर मालकी कुणाची, हा जुनाच प्रश्न तेथे नव्या वेषात उभा आहे.

दोन जहागिऱ्या, एक वेठ

स्मार्टफोनचे जग आज मुख्यतः दोन जहागिऱ्यांत विभागलेले आहे. एक गूगलच्या अँड्रॉइडची, दुसरी अॅपलच्या आयफोनची. दोहोंची प्रोग्रामिंगची भाषा वेगळी, नियम वेगळे, वेशीवरचे पहारेकरी वेगळे. अॅप दोन्हीकडे चालवायचे तर एकच वस्तू दोनदा घडवावी लागते आणि दोन चमू पोसावे लागतात. हा खर्च वाचविण्यासाठी एकदाच लिहून दोन्हीकडे चालविता येईल अशी साधने पुढे आली. फेसबुकने २०१५ मध्ये ‘रिअॅक्ट नेटिव्ह’ खुले केले. गूगलने डिसेंबर २०१८ मध्ये ‘फ्लटर’ची पहिली पक्की आवृत्ती दिली. दोन चमूंचे काम एका चमूवर आले. बचत मालकाच्या खात्यावर जमा झाली आणि अडचणी मात्र कामगाराच्या माथी आल्या; कारण आता त्याला साधनाचे दोष आणि दोन्ही जहागिऱ्यांचे कायदे असे तिन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात.

हे कायदे किती बारीक असतात ते पाहण्याजोगे आहे. आयफोनवर कॅमेरा कशासाठी हवा याचे कारण आधी लिहून ठेवलेले नसेल, तर अॅप कॅमेरा उघडू जाताच कोसळते. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, सांकेतिक सुरक्षा नसलेला संपर्क मुळातच अडविला जातो; त्यामुळे काल चालणारे अॅप आज गप्प बसते. संगणकावरील आभासी अँड्रॉइड फोनातून त्याच संगणकावरच्या सर्व्हरशी बोलायचे असेल तर नेहमीचा पत्ता चालत नाही, कारण त्या पत्त्यावर तो आभासी फोन स्वतःलाच हाक मारीत असतो, तेथे १०.०.२.२ हा पत्ता द्यावा लागतो. शिवाय गूगलच्या दुकानाने २०१८ पासून असा दंडक घातला की अॅपने ठराविक मुदतीत अलीकडच्या अँड्रॉइड आवृत्तीशी जुळवून घ्यावे. परिणामी उत्तम चालणारे अॅपही वरचेवर उकलून पुन्हा शिवावे लागते.

मराठीत अॅप करणाऱ्याच्या वाट्याला यापेक्षा एक अधिक ताप येतो. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळीची उंची आवळली की देवनागरीच्या वेलांट्या वरून आणि उकार खालून छाटले जातात. ‘क्षि’ हे मराठी माणसाच्या दृष्टीने एक अक्षर. संगणक त्यात चार चिन्हे मोजतो. लांब मजकूर ठराविक चिन्हांवर तोडण्याची आज्ञा दिली की शब्द भलत्याच ठिकाणी तुटतो आणि लोंबता हलन्त तेवढा शिल्लक राहतो. हा दोष ज्या परदेशी कचेऱ्यांत ही साधने घडतात तेथे सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. तो दिसतो मराठी वाचणाऱ्याला, आणि त्यावरचा उपायही बहुधा त्यालाच शोधावा लागतो.

असे हजारो उपाय आहेत. साधनासोबत येणाऱ्या पुस्तिकेत त्यांतले थोडेच सापडतात. ते चुकत, धडपडत, रात्री जागवीत शोधलेले असतात आणि एका प्रोग्रामरकडून दुसऱ्याकडे फुकट जातात. महाराष्ट्राच्या खेड्यांना ही रीत अपरिचित नाही. एकाच्या शेताची नांगरट अडली की गावचे शेतकरी आपापले बैल घेऊन यावयाचे, काम उरकावयाचे आणि जेवून परतावयाचे. तिचे नाव इर्जिक. उद्या दुसऱ्याचे शेत अडले की पहिला आपली बैलजोडी घेऊन जाणार, एवढाच त्यातला करार. प्रोग्रामरांच्या परस्पर साहाय्याला दुसरे नाव शोधण्याची गरज नाही.

आधी सहकार, मग मालकी

मालकी हीच संगणकजगाची मूळ प्रकृती होय, असे नेहमी सांगितले जाते. इतिहासाची साक्ष वेगळी आहे. १९५५ साली अमेरिकेत आयबीएमचे मोठे संगणक वापरणाऱ्या तंत्रज्ञांनी, विशेषतः कॅलिफोर्नियातील विमान-कारखान्यांतील तंत्रज्ञांनी, ‘शेअर’ ही संघटना उभारली. आपण लिहिलेले प्रोग्राम आणि शोधलेल्या युक्त्या एकमेकांना देणे हेच तिचे काम होते. तिचे सदस्य बाजारात एकमेकांचे स्पर्धक असलेल्या कंपन्यांत नोकरी करीत होते, हे विशेष. पुढे फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि प्रोग्रामची प्रत दुसऱ्याला देण्यास चोरी ठरविले. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा करून या मालकीवादाला उत्तर दिले. देवाणघेवाण आधीची, कुंपण मागाहूनचे, हा क्रम ध्यानात ठेवला पाहिजे. गावच्या गायरानाची हकीकतही हीच आहे.

कुंपण पडते कसे

२००८ मध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हा प्रोग्रामरांच्या शंका-समाधानाचा सार्वजनिक फड सुरू झाला. जगभरच्या प्रोग्रामरांनी तेथे बिनपगारी लक्षावधी उत्तरे लिहिली. लिहिणाऱ्याचे नाव नमूद करावे आणि त्यावर जे रचाल तेही याच अटींवर खुले ठेवावे, असा तेथील मजकुराचा परवाना होता. २०२१ मध्ये ही कंपनी सुमारे १८० कोटी डॉलरांना विकली गेली. त्या किमतीत यंत्रांचा आणि कचेऱ्यांचा वाटा किती असणार? विकली गेली ती मुख्यतः लोकांनी फुकट ओतलेल्या श्रमाची साठवण होती, आणि तिच्या किमतीतला एक छदामही त्या श्रमिकांना मिळाला नाही.

जून २०२३ मध्ये या फडाची देखभाल करणाऱ्या अनेक बिनपगारी स्वयंसेवकांनी संप पुकारला. यंत्राने रचलेली संशयास्पद उत्तरे काढून टाकण्यावर कंपनीने बंधने घातली होती, आणि खुल्या मजकुराची नियमित प्रत सर्वांना देण्याचे काम थांबविले होते. संप ऑगस्टपर्यंत चालला आणि कंपनीला वाटाघाटींना बसावे लागले. ज्यांना पगारच नाही त्यांनी केलेला हा संप कामगार चळवळीच्या इतिहासात नोंद करून ठेवण्यासारखा आहे. पुढच्याच वर्षी, मे २०२४ मध्ये, कंपनीने हे भांडार ओपनएआयला उपलब्ध करून देण्याचा करार जाहीर केला. त्याच्या निषेधार्थ काहींनी आपलीच उत्तरे पुसली, तेव्हा ती पूर्ववत करण्यात आली आणि पुसणाऱ्यांवर काही काळ बंदी घालण्यात आली. ज्याने विहीर खणली त्यालाच पोहऱ्याला हात लावण्याची मनाई झाली.

जी गत उत्तरांची, तीच साधनांची. मे २०१६ पूर्वीच मायक्रोसॉफ्टने ‘झॅमरिन’ हे दोन्हीकडे चालणारे साधन विकत घेतले होते. मे २०२४ मध्ये त्याचा पाठिंबा संपविला. अॅडोबीने २०११ मध्ये घेतलेला ‘फोनगॅप’ २०२० मध्ये बंद केला. अॅपलने तर एप्रिल २०१० मध्ये परक्या साधनांनी बनविलेली अॅप आपल्या दुकानात घेण्यासच मनाई केली होती; सप्टेंबरमध्ये ती सैल केली. अशा प्रत्येक निर्णयागणिक हजारो प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षे कमावलेले कसब एका फटक्यात निरुपयोगी होण्याचा धोका असतो. त्यांना कुणी विचारलेले नसते. ‘फोनगॅप’च्या बाबतीत एक गोष्ट मात्र निराळी घडली. त्याचा गाभा आधीच ‘कॉर्डोव्हा’ या नावाने अपाची प्रतिष्ठानाच्या खुल्या ताब्यात गेला होता, म्हणून मालकाने दुकान मिटले तरी काम करणाऱ्यांच्या हाती काही उरले. सार्वजनिक मालकीचा व्यवहारातील अर्थ याहून सोपा करून सांगता येणार नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आता यंत्राला विचारले की क्षणात उत्तर मिळते, मग तक्रार कशाची? ही सोय खरी आहे आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. परंतु यंत्राच्या उत्तरामागे माणसांचे उघड्यावर लिहून ठेवलेले अनुभव असतात. उद्या नवी आवृत्ती येईल, नवा दोष उद्भवेल. त्याचा पहिला उलगडा कुणाला तरी करावा लागेल आणि चारचौघांत मांडावा लागेल. २०२२ च्या अखेरीपासून त्या सार्वजनिक फडावरील नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली आहे. प्रत्येकजण आपल्या खोलीत एकटाच यंत्राशी बोलू लागला तर अनुभव कंपनीच्या वहीत जमा होतो, शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. विहिरीत झरा आटला की पंप कितीही जोराचा असून उपयोग नसतो.

दुसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो. हे तर लठ्ठ पगाराचे पांढरपेशे. यांच्या दुःखासाठी पक्षाने वेळ का दवडावा? या समजुतीला वास्तवाने केव्हाच तडा दिला आहे. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे जाहीर केले. कर्नाटकात २०१७ पासून या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची संघटना काम करीत आहे. कामाचा दिवस १४ तासांपर्यंत लांबविण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२४ मध्ये तिने आवाज उठविला. जो आपले श्रम विकल्याशिवाय जगू शकत नाही आणि ज्याचे कसब मालकाच्या एका परिपत्रकाने मोडीत निघू शकते, तो कामगार होय. त्याच्या गळ्यात ओळखपत्राची फीत असो वा नसो.

तथापि या गायरानाचे गोडवे गातानाही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. तेथे सर्वांना सारखाच प्रवेश कधीच नव्हता. प्रश्न इंग्रजीत विचारावा लागे, आणि तो नवख्याने अडखळत विचारला तर टोमणे खावे लागत. स्त्रिया आणि नवखे यांना आपले वातावरण परके वाटते, अशी कबुली ‘स्टॅक ओव्हरफ्लो’नेच २०१८ मध्ये दिली होती. जिल्ह्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेली मुलगी तंत्रनिकेतनातून बाहेर पडते तेव्हा तिच्यापुढे दोन कुलपे असतात, एक भाषेचे आणि दुसरे धीराचे. पाणवठा गावाचा म्हणावयाचा आणि पाणी भरण्याचा हक्क मूठभरांनाच ठेवावयाचा, हे महाराष्ट्राने फार पाहिले आहे. महाडचा संगर १९२७ मध्ये झाला तो याच प्रश्नावर. खुले ज्ञान खऱ्या अर्थाने खुले करावयाचे तर ही कुलपेही तोडावी लागतील.

करावयाचे काय?

पहिली मागणी सरकारकडे. लोकांच्या पैशातून बनणाऱ्या अॅपांचे मूळ लेखन लोकांसाठी खुले असले पाहिजे. सरकारी कामात खुल्या प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच जाहीर केले होते. त्याचा हिशेब मागितला पाहिजे. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त संगणकप्रणाली रुजवून हे करता येते हे दाखविले आहे. दुसरी मागणी मालकांकडे. कंपनीचे गुपित न फोडता, सर्वसाधारण अडचणीवरील उपाय उघडपणे लिहिण्याचा हक्क कामगाराला नोकरीच्या करारात मिळाला पाहिजे. तो कामाच्या वेळेत बजावता आला पाहिजे.

तिसरे काम चळवळीचे स्वतःचे आहे आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथे पक्षाच्या आणि समविचारी संघटनांच्या जागा आहेत. आठवड्यातून एका संध्याकाळी त्या अॅप लिहिणाऱ्या तरुणांना उघडून द्याव्यात. ज्याचे काम अडले आहे त्याने ते मांडावे, ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावे, आणि मिळालेले उत्तर त्याच रात्री मराठीत लिहून खुल्या परवान्यावर प्रसिद्ध करावे. अशा बैठकीत अडलेल्या ओळीची गाठ सुटते. मग कामाच्या तासांची आणि नोकरीच्या शाश्वतीची गोष्टही निघते. वर्षभरात प्रत्येक शहरात अशी एक वही भरली, तर तिच्यावर कुंपण घालण्यास येणाऱ्याला आधी ती लिहिणाऱ्या माणसांशी गाठ घालावी लागेल.