तुटलेला धागा आणि टोयोटाची कीर्ति

घरांत मोटार घ्यावयाचें ठरलें, म्हणजे एकत्र कुटुंबांत निदान चार मतें तरी निघतात. तरुणांचें लक्ष वेगाकडे व रूपाकडे असतें, वडील मंडळींचें सुखानें चढतां-उतरतां येईल कीं नाहीं याकडे, आणि घरखर्च सांभाळणाऱ्याचें किंमतीकडे. या वादांत जपानच्या टोयोटा कंपनीचें नांव निघालें, कीं बहुधा कोणीतरी म्हणतो, "ती गाडी वाटेंत दगा देत नाहीं." असें म्हणणाऱ्यानें तो कारखाना पाहिलेला नसतो, यंत्राची घडणही त्याला ठाऊक नसते, तरी तो निःशंकपणें बोलतो. ज्यांना आपण कधीं पाहिलें नाहीं, अशा माणसांच्या हातच्या कामावर ठेवलेला हा विश्वास म्हणजेच कीर्ति. ती कशी मिळते, कशी टिकते आणि कशानें डागाळते, हें समजून घेण्यास टोयोटाचा इतिहास फार उपयोगी आहे. म्हणून या महिन्यांत तो विषय वाचकांपुढें ठेवीत आहें.

या कीर्तीचा उगम मोटारींत नाहीं, मागांत आहे. साकिची टोयोदा हा १८६७ सालीं जपानच्या शिझुओका प्रांतांतील एका खेड्यांत, सुताराच्या घरीं जन्मला. शिक्षण बेताचें. गांवांत घरोघरीं बायका हातमागावर बसत. त्यांचे कष्ट कमी व्हावेत, या एका ध्यासानें या पोरानें बापाचा धंदा बाजूला ठेवून लांकडाचे माग जोडण्याचा व मोडण्याचा सपाटा चालविला. १८८५ सालीं जपानांत शोधकाचा हक्क राखणारा कायदा झाला होता. त्यानें या तरुणाला हुरूप आला. १८९१ सालीं सुधारलेल्या हातमागाचें पेटंट त्याला मिळालें. पूर्वीं धोटा फेंकण्यास दोन्ही हात लागत. या मागावर तें काम एका हातानें होऊं लागलें. पुढें १८९६ मध्यें त्यानें यांत्रिक शक्तीवर चालणारा माग तयार केला.

यंत्रमाग आला तेव्हां एक नवीनच अडचण उत्पन्न झाली. हातानें विणणाऱ्या बाईला धागा तुटलेला तत्काळ कळतो. यंत्राला तें कळत नाहीं. ताण्याचा किंवा बाण्याचा एक धागा तुटला, तरी यंत्र तसेंच धडधडत राहतें आणि हातोहात वाईट कापड विणीत जातें. म्हणून प्रत्येक मागापाशीं पहारा ठेवावा लागे. धागा तुटतांच माग आपोआप थांबेल, अशी योजना साकिचीनें केली. हीच कल्पना परिपूर्ण होऊन १९२४ सालीं त्याचा प्रसिद्ध स्वयंचलित माग निघाला. धावत्या वेगांतच तो धोटा बदली, आणि धागा तुटला कीं स्वतः उभा राही. आतां एका माणसाला एकाच वेळीं कितीतरी मागांकडे पाहतां येऊं लागलें. कारण चालणाऱ्या मागाकडे पाहण्याचें कारणच उरलें नाहीं, थांबलेल्याकडे गेलें म्हणजे झालें. यंत्रमागाचें माहेरघर जें इंग्लंड, तेथील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या मातबर कंपनीनें १९२९ सालीं या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेण्याचा करार केला. शिष्यानें गुरूला विद्या शिकवावी, तसाच हा प्रकार झाला.

या गुणाला कंपनीनें पुढें जें नांव दिलें, तें शब्दांची गोडी असणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. 'स्वयंचलन' या अर्थाच्या जपानी शब्दांत 'हलणें' या अर्थाचें एक अक्षरचिन्ह येतें. त्या चिन्हाच्या डाव्या अंगास 'मनुष्य' दाखविणारी खूण जोडली, म्हणजे तेंच चिन्ह 'काम करणें' या अर्थाचें होतें. टोयोटाच्या 'जिदोका' या शब्दांत तें दुसरें चिन्ह आहे. उच्चार तोच, परंतु अर्थ निराळा. यंत्र नुसतें हलूं नये, त्यानें काम करावें. आणि चूक होत असतांना हलत राहणें हें काम नव्हे.

साकिची १९३० मध्यें वारला. त्याचा मुलगा किइचिरो हा टोकियोच्या विद्यापीठांत यंत्रशास्त्र शिकलेला. त्यानें १९३३ सालीं मागाच्या कारखान्यांतच मोटारीचें खातें उघडलें. तें धाडस होतें. कारण जपानी रस्त्यांवर त्या वेळीं फोर्ड व जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांचें राज्य होतें. १९३५ मध्यें पहिला ट्रक तयार झाला. प्रदर्शनासाठीं टोकियोकडे निघालेला हा ट्रक वाटेंतच मोडला! आज 'वाटेंत दगा देत नाहीं' म्हणून ख्याति पावलेल्या कंपनीचा हा आरंभ. विकलेले ट्रकही वारंवार मोडत. मोडला कीं माणसें पाठवून तो दुरुस्त करीत, आणि मोडण्याचें कारण कारखान्यांत परत आणीत.

१९३६ सालीं 'टोयोदा' या आडनांवाचें 'टोयोटा' झालें. जपानी लिपींत हें नांव आठ रेघांत लिहितां येतें, आणि आठ हा आंकडा तिकडे शुभ मानतात. १९३७ मध्यें स्वतंत्र मोटार कंपनी स्थापन झाली. लौकरच महायुद्ध आलें. जपानी सैन्यासाठीं ट्रक बनविण्यांत तीं वर्षें गेलीं. हा भाग कोणी भूषण म्हणून सांगणार नाहीं, पण इतिहासांतून तो गाळतांही येत नाहीं.

खरी परीक्षा युद्धानंतर झाली. १९४९ सालीं पैशाची टंचाई पडून कंपनी बुडण्याच्या बेतास आली. कोणालाही कामावरून काढणार नाहीं, असें वचन किइचिरोनें कामगारांना दिलें होतें. परंतु बँकांनीं अट घातली, कीं माणसें कमी केल्याशिवाय कर्ज नाहीं. संप झाला, सुमारें दोन हजार माणसें गेलीं. वचन पाळतां आलें नाहीं, म्हणून जून १९५० मध्यें किइचिरोनेंही आपली जागा सोडली. त्याच महिन्यांत कोरियाचें युद्ध पेटलें, अमेरिकन सैन्याकडून ट्रकांची मोठी मागणी आली आणि कंपनी तरली. किइचिरो मात्र परत येण्यापूर्वींच १९५२ सालीं निवर्तला. जहाज वांचलें, पण कप्तान गेला. वरिष्ठानें दोष खालच्यांवर ढकलून स्वतः खुर्चीवर बसून राहण्याची रीत सर्वत्र आढळते. म्हणून ही गोष्ट विशेष सांगितली.

यानंतरच्या वर्षांत ताइइची ओनो या गृहस्थानें मोटारीच्या कारखान्याला जें वळण लावलें, तें आज जगांतील व्यापारशाळांतून शिकवितात. ओनो हा मुळांत टोयोदांच्या सूतगिरणींतून आलेला. तुटल्या धाग्याचा नियम त्यानें मोटारीला लावला. मोटारीचे सांगाडे रांगेनें पुढें सरकत असतात आणि जागोजागीं कामगार त्यांना भाग जोडतात. कोणत्याही कामगाराला दोष दिसला, तर त्यानें जवळची दोरी ओढावी, म्हणजे वरचा दिवा लागतो, मुकादम धावत येतो, आणि दोष तेवढ्यांत न निघाल्यास सारी रांग थांबते. पूर्वींच्या कारखान्यांत रांग थांबविणें म्हणजे महापाप. येथें दोष पाहून न थांबविणें हा अपराध ठरला.

दोष सांपडल्यावर पांच वेळां 'कां?' असें विचारावें, हा ओनोचा दुसरा नियम. त्याचें एक उदाहरण असें. यंत्र बंद पडलें. कां? भार जास्त झाला व फ्यूज उडाला. भार कां झाला? बेअरिंगला तेल पुरेसें नव्हतें. कां? तेलाचा पंप नीट ओढीत नव्हता. कां? त्याचा दांडा झिजला होता. कां? पंपाला गाळणी नव्हती, म्हणून धातूचा कीस आंत गेला. पहिल्या 'कां'ला थांबणारा फ्यूज बदलतो, आणि महिन्याभरानें पुन्हां बदलतो. पांचव्यापर्यंत जाणारा गाळणी बसवितो. यांत 'कोणी केलें?' हा प्रश्न एकदांही आलेला नाहीं, हें वाचकांच्या लक्षांत आलें असेलच.

तरी यश सहज मिळालें नाहीं. १९५७ सालीं कंपनीनें आपली क्राउन गाडी अमेरिकेस पाठविली. तेथील लांब व वेगवान रस्त्यांवर तिचें यंत्र तापे आणि वेग घेतां घेतां गाडी थरथरे. १९६० मध्यें कंपनीनें ती विक्री थांबविली, गाडी सुधारली आणि पांच वर्षांनीं नव्या गाडीसह पुन्हां पाऊल टाकलें. १९६६ सालीं निघालेली करोला पुढें इतकी पसरली, कीं २०२१ पर्यंत त्या नांवाच्या ५ कोटींहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. 'हें जपानी माणसांचें अंगचें वळण आहे, इतरांना साधावयाचें नाहीं', असें कित्येक म्हणत. त्यांना कॅलिफोर्नियांतील फ्रीमाँटनें उत्तर दिलें. तेथील जनरल मोटर्सचा बदनाम कारखाना १९८२ मध्यें बंद पडला होता. १९८४ सालीं दोन्ही कंपन्यांनीं मिळून तो उघडला. कामगार बहुतेक जुनेच घेतले, पद्धति मात्र टोयोटाची. थोड्याच काळांत त्याच हातांतून उत्तम गाड्या बाहेर पडूं लागल्या. दोष माणसांच्या जातींत नव्हता. दोरी ओढण्याची मुभा नव्हती, हाच दोष होता.

या कथेचा एक पदर आपल्याही घराशीं येऊन मिळतो. साकिचीहून दोनच वर्षांनीं, १८६९ मध्यें, बेळगांव जिल्ह्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. एकानें विणणाऱ्या बाईसाठीं माग केला, दुसऱ्यानें शेतकऱ्यासाठीं लोखंडी नांगर. दोघांनाही आरंभीं लोकांचा अविश्वासच सोसावा लागला. या दोन घराण्यांची गांठ पुढील पिढ्यांत पडली. लक्ष्मणरावांच्या चौथ्या पिढींतील विक्रम किर्लोस्कर यांनीं टोयोदांशीं प्रथम कापडयंत्रांच्या धंद्यांत भागी केली, आणि १९९७ सालीं बंगळुरूजवळ बिडदी येथें टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी उभी राहिली. म्हणजे येथेंही मागाच्या मागूनच मोटार आली! २००० सालची क्वालिस व २००५ सालची इनोव्हा या गाड्यांनीं आपल्याकडील यात्रा, लग्नकार्यें आणि पुणें-मुंबईच्या फेऱ्या किती वाहिल्या, हें वाचकांना निराळें सांगावयास नको.

आतां कीर्तीची दुसरी बाजू. २००८ सालीं टोयोटा विक्रींत जगांत पहिली आली, आणि दुसऱ्याच वर्षीं तिला ठेंच लागली. ऑगस्ट २००९ मध्यें अमेरिकेंत सॅन डिएगोजवळ तिच्या एका लेक्सस गाडीची गति आवरेना आणि आंतील चौघे मृत्यु पावले. गाडींत दुसऱ्याच नमुन्याची पायचटई घातलेली होती. तिच्यांत वेगाचा पायटा अडकला होता. मग चिकटणाऱ्या पायट्यांच्याही तक्रारी पुढें आल्या. लक्षावधि गाड्या परत बोलवाव्या लागल्या. साकिचीचा पणतू आकिओ टोयोदा त्या वेळीं प्रमुख होता. फेब्रुवारी २०१० मध्यें अमेरिकन लोकसभेच्या समितीपुढें उभें राहून त्यानें क्षमा मागितली. कंपनी ज्या वेगानें वाढली, त्या वेगानें माणसें तयार झालीं नाहींत, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. पुढें सरकारी चौकशींत गाडीच्या विद्युत्-यंत्रणेंत दोष सांपडला नाहीं, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु पायट्यांच्या व चटयांच्या बाबतींत ग्राहकांची दिशाभूल केल्याचें २०१४ सालीं कंपनीला मान्य करावें लागलें आणि १२० कोटी डॉलर भरावे लागले. दंड दोषासाठीं नव्हता, दोष झांकल्यासाठीं होता. धागा तुटला होता आणि माग चालूच ठेवला होता!

याहून मनाला लागणारी गोष्ट जानेवारी २०२४ मधली. साकिचीनें स्थापिलेल्या मागाच्या कारखान्याला आज टोयोटा इंडस्ट्रीज म्हणतात. तो डिझेलचीं इंजिनेंही बनवितो. सरकारी परवान्यासाठीं घेतलेल्या परीक्षांत त्यानें लबाडी केल्याचें उघडकीस आलें, आणि कांहीं काळ आपल्या देशांतील इनोव्हा क्रिस्टासारख्या गाड्याही कारखान्याच्या दारांत अडकून पडल्या. दायहात्सु या जोडकंपनींतील गैरप्रकार तर १९८९ पर्यंत मागें जाणारे निघाले. जून २०२४ मध्यें खुद्द टोयोटाच्या परीक्षांतही दोष आढळले आणि आकिओ टोयोदानें पुन्हां लोकांसमोर मान लवविली. दायहात्सूच्या चौकशींत कारणही बाहेर आलें. ठरलेल्या मुदतीचा ताण इतका, कीं 'हें जमत नाहीं' असें वरिष्ठांना सांगण्याची सोयच राहिली नव्हती. कारखान्यांतली दोरी जागच्या जागीं होती. कचेरींत ती कोणी बांधलीच नव्हती.

एवढें होऊनही गाड्या खपतातच. २०२३ सालीं जोडकंपन्यांसह या समूहानें १ कोटीहून अधिक वाहनें विकलीं. कीर्ति ही जुन्या ठेवीसारखी असते. व्याज थांबलें तरी मुद्दल कांहीं दिवस पुरतें. पण तेवढ्यावर कोणी निर्धास्त राहूं नये.

आणि हा नियम केवळ कारखान्यांचा नाहीं. 'मला हें समजलें नाहीं', असें म्हणून जो विद्यार्थी बोट वर करतो, तो दोरीच ओढीत असतो. शिक्षक त्याला हंसला, तर वर्ग पुढें सरकतो खरा, पण कापड वाईट विणलें जातें. घरांतही तेंच. मुलाच्या हातून कांहीं फुटलें, सुनेला एखादी गोष्ट खुपली, धाकट्या भावाचा व्यवहार अडला, तर तें सांगण्याची दोरी त्यांच्या हाताशीं आहे ना, आणि ती ओढल्यावर वडील मंडळी 'कोणी केलें?' असें न गरजतां 'कां झालें?' असें विचारतात ना, हें ज्या घरानें पाहिलें, त्या घराच्या चांगुलपणाविषयीं शेजाऱ्यांना वेगळें सांगावें लागत नाहीं. एका धाग्यासाठीं सारा माग थांबविणें, हें हिशेबी माणसाला नुकसानीचें वाटतें. पण जें कापड पुढें पिढ्यान् पिढ्या वापरावयाचें आहे, त्याचा हिशेब एका दिवसाच्या वारांनीं करावयाचा नसतो.