बरणीला चार भोकं पाडली म्हणजे झालं का?

प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणाला खिळ्याने चार भोकं पाडली की साप ठेवायची सोय झाली, असं आपल्याकडे बरेच जण मानतात. अंगणात निघालेला साप कुणीतरी पकडतो, बरणीत घालतो, आणि मग ती बरणी दोन-तीन दिवस घरात, दुकानात, चौकात फिरते. फोटो निघतात, व्हिडिओ निघतात. आता यात नवी भर पडली आहे. काही हौशी तरुण परदेशी बॉल पायथन विकत आणतात आणि कपडे ठेवायच्या प्लास्टिक टबमध्ये ठेवतात. इंग्लंड-अमेरिकेचे व्हिडिओ पाहून टबाखाली हीटिंग मॅटही लावतात. पहिला अडाणी आणि दुसरा सुधारलेला, असं कुणी समजू नये. दोघांची चूक एकच. सापाला डब्यात बंद केलं की त्याचा श्वास आणि त्याचं तापमान आपल्या हाती येतं, हे दोघांच्याही लक्षात नाही.

"साप थंड रक्ताचा, त्याला उन्हाचं काय?" हे वाक्य शिकलेल्या माणसांकडूनही ऐकू येतं. अर्थ बरोबर उलटा आहे. आपलं शरीर आतून उष्णता तयार करतं आणि घाम काढून थंडही होतं. सापाकडे यातलं काही नाही. बाहेर जितकं तापमान, तितकं त्याचं शरीर तापतं किंवा गारठतं. म्हणून तो सतत जागा बदलतो. थंडीत सकाळी बांधावर ऊन खातो, मे महिन्यात उंदराच्या बिळात, वारुळात, विहिरीच्या कपारीत शिरतो. जागा बदलणं हाच त्याचा कूलर आणि हीच त्याची शेगडी. डब्यात घातला की ही सोय आपण काढून घेतो. बहुतेक सापांचं शरीर चाळिशीच्या वर फार वेळ टिकत नाही. आणि आपण राहतो कुठे? वर्ध्यात. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणं ही बातमी राहिलेली नाही. पत्र्याच्या खोलीत, मोटारसायकलच्या डिकीत किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवलेली बरणी आतून किती तापत असेल, हे उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीत पाच मिनिटं बसून पाहावं.

आधी कायद्याचं बोलू. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, धामण, अजगर, कोणताही देशी साप घरात पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, 2022 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. नाग, घोणस, धामण आणि अजगर पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्याबाबतच्या गुन्ह्याला किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षांची कैद आहे. तेव्हा देशी सापासाठी टब कसा तयार करावा, हा प्रश्नच गैरलागू आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची गोष्ट वेगळी. तो आंतरराष्ट्रीय साइट्स करारातल्या यादीत आहे, आणि अशा प्राण्यांची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा "कागदाची गरज नाही" म्हणत असेल, तर तो तुम्हाला साप विकत नसून खटला विकतो आहे.

कागद आहेत, साप आहे, टब आहे. मग तो टब नीट करा. टब वाईट नसतो, अर्धवट टब वाईट असतो. काचेच्या मोठ्या टाकीपेक्षा टबात ओल चांगली टिकते, आणि लपून राहणाऱ्या बॉल पायथनला तो मानवतोही. पण त्याच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा. बॉल पायथनला उबदार बाजू साधारण 31 ते 33 अंश लागते, थंड बाजू 25 ते 27, आणि रात्री 24 च्या खाली नको. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा मॅट लागते, हे मान्य. पण ती टबाच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागालाच लावायची. संपूर्ण तळाला लावली तर सापाला सरकायला जागाच उरत नाही. मॅटला थर्मोस्टॅट हवाच, आणि त्याचा सेन्सर मॅट आणि टबाच्या मध्ये घट्ट बसवलेला हवा. सेन्सर सुटून खाली पडला तर थर्मोस्टॅटला जमिनीचा गारवा कळतो आणि तो मॅट तापवतच राहतो. टब जमिनीवर गच्च दाबून ठेवू नये, खाली थोडी हवा खेळू द्यावी. भुसा किंवा कागद फार जाड अंथरला तर उष्णता खालीच कोंडते. बल्ब टबाच्या आत कधीही नको. प्लास्टिक वितळतं आणि साप भाजतो. दोन्ही टोकांना एकेक थर्मामीटर ठेवा. हाताने चाचपून तापमान कळत नाही.

परदेशी व्हिडिओ इथपर्यंत सांगतात. पुढचं सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे वर्ध्याचा मे महिना नाही. थर्मोस्टॅट तापवणं थांबवतो, थंड करत नाही. खोलीच 40 अंशांवर गेली तर मॅट बंद असूनही साप शिजतो. म्हणून उन्हाळ्यात मॅट काढून ठेवा, टब घरातल्या सर्वात गार खोलीत, जमिनीवर, भिंतीच्या उन्हापासून लांब ठेवा. आत मातीचं ओलसर गाडगं उपडं घालून दार ठेवा, पाण्याचं भांडं मोठं ठेवा. कूलरच्या भरवशावर राहू नका. दुपारी लाइट गेली की कूलर बंद, आणि टबातल्या जीवाला दार उघडून अंगणात येता येत नाही. "लाइट गेली तर काय?" याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याने साप आणू नये.

आता हवा. भोकं पाडायची ती फक्त झाकणाला नाही, समोरासमोरच्या दोन भिंतींना. एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि ताजी हवा खालून येते. फक्त झाकणाला भोकं असली आणि त्यावर वही ठेवली की संपलं. खिळ्याने बाहेरून भोकं पाडली की धारदार कडा आत राहतात, साप नाक घासत फिरतो आणि तोंडाला जखमा होतात. भोकं सोल्डरिंगच्या लोखंडाने, मोकळ्या जागेत, साप आत नसताना पाडावीत आणि आतली कड पॉलिश पेपरने घासावी. आकार सापाच्या डोक्यापेक्षा बराच लहान. टबाच्या भिंतींवर सतत पाण्याचे थेंब दिसत असतील तर हवा कमी आहे. अशा कोंदट ओलीत सापाच्या छातीला संसर्ग होतो. तो तोंड उघडं ठेवतो, तोंडातून फेस येतो, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो. उलट भोकं फार झाली तर हवा कोरडी पडते आणि कात अंगाला चिकटून राहते. मोजून, पाहून, बदलून जमवायचं असतं.

आणि पकडलेल्या देशी सापाचं काय? त्याला डबा लागतो तो फक्त नेण्यापुरता. सेवाग्राम आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा आजही पाहायला मिळतो. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा, यासाठी ते साधन होतं. पिंजरा वाटेसाठी होता, मुक्कामासाठी नाही. आपल्या जिल्ह्यातली ही वस्तू रोज शेकडो लोक पाहतात आणि बाहेर पडून बरणीच शोधतात! साप सुती पिशवीत घालावा, पिशवी हवेशीर डब्यात, डबा सावलीत, आणि तासाभरात वनविभागाला सोपवून योग्य जागी सोडावा. हेल्पलाइन 1926 आहे. प्रदर्शन, वाढदिवस, शाळेत दाखवणं, यातलं काहीही त्या वाटेत येत नाही.

आपल्या वाचकांपैकी काही म्हणतील, "सर, आपल्या दीनमध्ये साप मारायची परवानगी आहे. मग तो डब्यात मेला तर काय बिघडलं?" परवानगी जीवाला धोका असेल तेव्हाची आहे, आणि घरात दिसलेल्या सापाला आधी तीन दिवस इशारा द्यायची शिकवणही त्याच हदीसमध्ये आहे. मारण्याची परवानगी म्हणजे तडफडवण्याची परवानगी नव्हे. मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या मुलांना मकतबमध्ये शिकवली जाते. तिने मांजरीला खाऊ घातलं नाही आणि बाहेर जाऊन खायलाही सोडलं नाही. तिला शिक्षा झाली ती या कोंडण्याची. कुर्बानीच्या जनावरासमोर सुरी पाजळू नका, असं बजावणारा दीन पत्र्याखालच्या बरणीत जीव शिजवायला मोकळीक देईल का? आगीने कुठल्याही जीवाला शिक्षा देण्याची मनाई आहे, आणि 45 अंशांचं ऊन बंद प्लास्टिकमध्ये आगीहून फार वेगळं नाही.

दुसरी तक्रार खर्चाची. "एवढं सगळं करायला पैसे कोण देणार?" मॅट आणि थर्मोस्टॅटचे पैसे नाहीत, पण बॉल पायथनचे होते? ज्याला सापाची किंमत परवडते आणि त्याच्या श्वासाची परवडत नाही, त्याने हौस वाढवली आहे, जबाबदारी घेतलेली नाही.

सूरह अल-अनआमच्या 38 व्या आयतीत जमिनीवर चालणाऱ्या जीवांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे. त्या उम्मतीतला एक जीव बंद डब्यात ठेवायचा, तर तो अमानत आहे. आणि अमानतीचा हिशोब झाकणावरची भोकं मोजून होत नाही.