गोंदाच्या पुठ्ठ्यावरची अहिंसा

बायांनो, पावसाळा लागला की उज्जैनमध्ये घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, पाली फार झाल्यात. दिव्याला किडे येतात, किड्यांमागे पाल येते. ओट्यावर तिची लेंडी कुणालाच नको. त्यातून रोगजंतू अन्नात जाऊ शकतात. पाल घराबाहेर ठेवावी हे मलाही मान्य. माझं भांडण आहे ते फ्रीगंजच्या बाजारातून आणलेल्या चिकट पुठ्ठ्याशी.

गोंदावर पाल लगेच मरत नाही. धडपडते, कातडी सोलवटते, शेपूट तुटते, तहान-भुकेने तडफडून जीव जातो. आपण डोळे मिटून पुठ्ठा दुमडतो आणि कचरागाडीत टाकतो. आणि संध्याकाळी त्याच हातात जपमाळ!

"मी कुठं मारलं? गोंदानं मारलं." मग कृत, कारित, अनुमोदित हे शब्द पाठशाळेत कशाला शिकलो? स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, केलेल्याला मान डोलावणं, तिन्हींत दोष आहे. कामवालीला "तू मार गं" म्हणणं कारितच.

कुणी म्हणेल, गृहस्थाला आरंभी हिंसा सुटत नाही. खरं आहे. चूल पेटवताना, केर काढताना जीव जातात. पण पुठ्ठा विकत आणून ट्यूबलाइटखाली लावणं ही ठरवून केलेली, संकल्पी हिंसा. श्रावकाला तीच आधी सोडायची असते. एकेंद्रिय जीवांसाठी बटाटा सोडणाऱ्या आपण पंचेंद्रिय पालीला गोंद लावतो!

"विषारी असते ना!" मुळीच नाही. आपल्या घरातल्या पालीला विष नसतं. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जीव 'प्राणी' आहे, आणि त्याला विनाकारण यातना देणं गुन्हा आहे.

मग करायचं काय? खिडकीला बारीक जाळी, दाराखाली पट्टी लावा. फोटोंमागच्या फटी बुजवा, पण आत कुणी नाही ना ते आधी बघा. अंगणातला विटांचा ढीग हलवा. ओटा कोरडा ठेवा, अन्न झाकून ठेवा. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकतो, तर स्वयंपाकघरात दिवा कशाला जळतो? मालवा तो. पाल आत आलीच तर तिच्यावर डबा उपडा घाला, खालून कागद सरकवा, कुंपणाशी सोडून या. गोंदात अडकलेली दिसली तर खायचं तेल सोडून हळूहळू मोकळी करा.

अंड्याची टरफलं टांगा, असंही सांगणारे आहेत. जैनाच्या घरात! मोरपीस लावा म्हणतात, तर पाल त्याच्याच मागे निवांत बसते. मोरपिसाचा खरा उपयोग मुनींच्या पिच्छीत पाहा. बसण्याआधी जागेवरचा जीव ते तिनं अलगद बाजूला सारतात. पाल घराबाहेर काढायची रीत यापेक्षा वेगळी नाही.

क्षमावाणीला सगळ्या जीवांची क्षमा मागणार ना? त्याआधी ट्यूबलाइटखालचा पुठ्ठा काढा.