दान करा, पण बिल बघून!

दोस्तांनो, संगणक चालू ठेवून तुम्ही जेवायला बसता, तेव्हा तो बिचारा काय करत असतो? जवळजवळ काहीच नाही! पण त्याचा हा रिकामा वेळ शास्त्रज्ञांना दान करता येतो, बरं का. एखादं भलंमोठं गणित घ्यायचं, त्याचे बारीक तुकडे करायचे, ते इंटरनेटवरून घरोघरच्या संगणकांना वाटायचे आणि उत्तरं परत गोळा करायची. थेंबे थेंबे तळे साचे!

१९९९ साली अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यापीठानं 'सेटी ॲट होम' हा असा प्रकल्प सुरू केला. परग्रहावरून एखादा संदेश येतोय का, हे शोधायला जगभरातल्या लाखो लोकांनी आपले संगणक दिले. २०२० मध्ये त्यानं नवं काम वाटणं थांबवलं. २००५ साली त्याचाच एक भाऊबंद निघाला, 'आइनस्टाइन ॲट होम'. २०१० मध्ये अमेरिकेतलं एक जोडपं आणि जर्मनीतले एक गृहस्थ यांच्या संगणकांना त्यात चक्क नवा पल्सार, म्हणजे गरगर फिरणारा मृत तारा, सापडला! अमेरिकेतल्या 'लायगो' वेधशाळांच्या नोंदीही या प्रकल्पानं तपासल्या. तशीच एक वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात व्हायची आहे.

हे वाचून वाकोल्यातला एखादा उत्साही दादा म्हणेल, "एकच कशाला? तीन संगणक जोडतो आणि रात्रंदिवस चालवतो!" थांब रे दादा, आधी वही-पेन्सिल घे.

भरपूर काम करणारा एक संगणक १५० वॅट वीज खातो असं धरू. १००० वॅट एक तास म्हणजे १ युनिट. तेव्हा २४ तासांत ३.६ युनिट आणि ३० दिवसांत १०८ युनिट झाले. दादाच्या घरी आधीच महिन्याला २४० युनिट लागतात.

खरी गंमत इथेच आहे. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो: १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. दर बदलत राहतात, म्हणून आपण हिशेबापुरते सोपे आकडे घेऊ. दुसऱ्या टप्प्याला १० रुपये, तिसऱ्याला १४, चौथ्याला १६.

एक संगणक: ६० युनिट १० रुपयांनी, ४८ युनिट १४ रुपयांनी. एकूण १२७२ रुपये.

तीन संगणक: ६० युनिट १० रुपयांनी, २०० युनिट १४ रुपयांनी, ६४ युनिट १६ रुपयांनी. एकूण ४४२४ रुपये!

१२७२ ची तिप्पट ३८१६ होते. मग वरचे ६०८ रुपये कुठून आले? वरच्या टप्प्यातून! नवा खर्च नेहमी सर्वांत महाग युनिटांवर बसतो. महिनाअखेर आईला भाजी-दुधाच्या पैशांतून बिल भरावं लागलं, तर ते दान दादानं केलं की आईनं?

शिवाय संगणकानं खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होते. मे महिन्यात छोट्या खोलीत ४५० वॅटची शेगडीच म्हणा ना! पंखा जोरात लावला, तर त्याचेही युनिट मांडा. आणि तळमजल्यावर राहत असाल, तर संगणक जमिनीवर नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे घरातल्या मोठ्यांना आठवत असेल.

मग दान करूच नये का? करावं की! एरवी ६० वॅट खाणारा संगणक अभ्यासासाठी रोज ४ तास चालूच असेल, तर त्या वेळात जादा ९० वॅटच लागतात. म्हणजे महिन्याला जेमतेम ११ युनिट. किती वेळ आणि किती जोरानं काम करायचं, हेही त्या प्रोग्रॅममध्ये ठरवता येतं.

आता गृहपाठ. मोठ्यांना सोबत घ्या. घरातलं बाकी सगळं पाच मिनिटं बंद करून मीटरचा लुकलुकणारा दिवा लांबूनच मोजा. हात लावायचा नाही! मीटरवर ३२०० लिहिलं असेल, तर ३२०० लुकलुकींचा १ युनिट. मिनिटाला ८ लुकलुकी, म्हणजे तासाला ४८०, म्हणजे १५० वॅट! मग घरचं बिल काढून आपण कोणत्या टप्प्यात आहोत ते बघा आणि हिशेब आई-बाबांपुढे ठेवा. परवानगी मागायची ती आकडे दाखवून. काय, पटतंय ना?