डागाची उलटतपासणी
आकाश मावळातले : मावळकर

लोहगडाचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो थरांवर थर पसरला. कार्ले-भाजेची लेणी त्यातच कोरलेली. असा लाव्हा आजही गुरूच्या आयो या चंद्रावर उसळतो आहे, आणि ते कळले एका फोटोतल्या डागावरून.

८ मार्च १९७९. व्हॉयेजर-१ आयोपासून ४५ लाख किलोमीटरवर पोचले होते. यानाचा मार्ग तपासायचा तर मागचे तारे दिसायला हवेत, म्हणून फोटोत मुद्दाम जास्त प्रकाश घेतलेला. दुसऱ्या दिवशी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या लिंडा मोराबितो यांना आयोच्या कडेबाहेर फिकट कमान दिसली. कॅमेऱ्याचा दोष? मागून डोकावणारा दुसरा चंद्र? एकेक शक्यता बाद होत गेली आणि उरला ज्वालामुखीचा फवारा, पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उंच! पृथ्वीबाहेर जागता ज्वालामुखी पहिल्यांदाच सापडला होता. गुरूच्या ओढाताणीने आयो आतून वितळलेला असावा, हे पील, कॅसन आणि रेनल्ड्स यांचे भाकीत आदल्याच आठवड्यात, २ मार्चला, छापून आले होते.

मला यातली उलटतपासणी सर्वांत मोलाची वाटते. कारण बहुतेक डाग खरोखरच डाग असतात. व्हॉयेजरच्या कच्च्या फोटोंतले ओळीने मांडलेले काळे ठिपके कॅमेऱ्याच्या काचेवर मुद्दाम केलेले होते. चित्र कुठे किती वाकले ते त्यांवरून मोजत. वैश्विक किरण सेन्सरवर आदळला की पांढरा ठिपका किंवा रेघ उमटते. जुनो यानाचा कॅमेरा तर गुरूजवळच्या किरणोत्साराने इतका बिघडला की फोटो पट्ट्यांनी भरून गेले. तो तापवून सुधारला, तेही ३० डिसेंबर २०२३ च्या आयोभेटीला मोजके दिवस उरले असताना.

आता काही मोबाइल चंद्राचा फोटो परस्पर घासूनपुसून गुळगुळीत करतात. मुलांना लहानपणापासून असेच फोटो दाखवणे मला धोक्याचे वाटते. न दिसलेले त्यात भरले जाते आणि दिसलेले पुसले जाते. व्हॉयेजर, जुनोचे कच्चे फोटो सर्वांना खुले आहेत. कामशेत, वडगाव, लोणावळ्याच्या शाळांनी ते वर्गात उघडावेत. एकाच चंद्राचे लागोपाठचे दोन फोटो घ्यावेत. डाग दोन्हींत चौकटीच्या त्याच जागी असेल तर तो कॅमेऱ्याचा. एकातच असेल तर बहुधा किरणाचा. चंद्र सरकला तसा तोही सरकला असेल, तर तास संपला तरी वर्ग सोडू नये.