माजी विद्यार्थ्यांचे दान आणि मैदानावरील शेवटचे मूल

मे २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांची निवड झाली आणि ते ज्या व्हिलानोव्हा विद्यापीठात शिकले, त्याचे नाव जगभर पोहोचले. ऑगस्टिनियन संघाच्या या अमेरिकन विद्यापीठाने पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये १९८५, २०१६ आणि २०१८ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. या यशात प्रशिक्षकांच्या परिश्रमांइतकाच माजी विद्यार्थ्यांच्या दानाचाही वाटा आहे. तेथील क्रीडागृहाच्या नूतनीकरणासाठी एका माजी विद्यार्थ्याने दोन कोटींहून अधिक डॉलर दिले. आज त्या वास्तूला त्याचेच नाव आहे. यश दानाला बोलावते आणि दान पुढच्या यशाची तयारी करते.

मात्र या चक्राला दुसरी बाजूही आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार महाविद्यालये खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. २०२५-२६ साठी प्रत्येक संस्थेची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. त्यातील मोठा वाटा फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. दान विजयाच्या मागे धावू लागले की ज्या खेळांना प्रेक्षक नाहीत, ते उपेक्षित राहतात.

आपल्याकडे नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची नोंद घेतली जाते. त्यामुळे महाविद्यालयांत माजी विद्यार्थी संघटना स्थापन झाल्या; परंतु अनेकदा त्यांचे कार्य मेळावा आणि सत्कारापुरतेच उरते. विदर्भाला क्रीडासंस्था उभारणे अपरिचित नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती.

नागपूर-वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) सारख्या गावाला कोट्यधीश दात्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दारी आलेल्या प्रत्येक मुलाला बोजारा मिळतो. नंदी लहान आहे म्हणून कोणी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. क्रीडादानाचीही हीच रीत असावी. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेतून इमारत उभी राहते. खेळाडू मात्र घडतो तो प्रशिक्षकाच्या नियमित मानधनातून, बुटांतून आणि सकस आहारातून. त्यासाठी शंभर जणांची दरमहा छोटी वर्गणी अधिक उपयोगी ठरते. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, ते याच दृष्टीने.

नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या धर्मग्रामस्थांनी आपल्या जुन्या शाळेतील वा महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकांना एवढेच विचारावे : या वर्षी प्रवासखर्चाअभावी स्पर्धेला कोण जाऊ शकले नाही?