बारा मिनिटांचं कनेक्शन

मुंबईत नोकरी करणाऱ्या धाराशिवच्या पोराला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच : "सीएसएमटीला उलटा कशाला जातोस? लोकलनं ठाण्याला उतर, तिथंच गाडी पकड. तासभर वाचतो." मोबाईलमधलं ॲपही हेच सांगतं. हिशोब बरोबर आहे. तरी आपल्यासाठी हा सल्ला वाईट आहे.

मी कोड लिहून पोट भरतो. रस्ता शोधणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमना एकच प्रश्न घातलेला असतो : लवकरात लवकर कसं पोचायचं? मधली गाडी चुकली तर काय, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. लोकल चुकली तर पाच मिनिटांत दुसरी येते. पुण्याची चुकली तर मागून आणखी असतात. मुंबईहून धाराशिवला जाणारी रोजची रात्रीची गाडी मात्र एकच. ती चुकली की पुढची उद्या रात्री. पाच मिनिटांची चूक आणि चोवीस तासांची चूक ॲपला सारखीच दिसते.

आजीच्या दहाव्याला निघालो तेव्हा मीही ठाण्यालाच कनेक्शन घेतलं. मधे बारा मिनिटं ठेवली होती. लोकल दोन स्टेशनांच्या मधे थांबली आणि बारा मिनिटं तिथंच संपली. खिशात कन्फर्म तिकीट, आणि मी मागून येणाऱ्या सोलापूरच्या गाडीच्या जनरल डब्यात दाराशी उभा. पहाटे कुर्डुवाडी, मग एसटीनं बार्शी, मग दुसरी एसटी. पोचलो तेव्हा पिंडाला कावळा शिवून गेला होता. आई एवढंच म्हणाली, "हातपाय धू, जेवून घे." चूक माझीच होती. अंतर मीच ठरवलं होतं.

पण अशी चूक करणारा मी एकटा नाही. दर शुक्रवारी फलाटावर धापा टाकत येणारी माणसं बघा. सगळीच मूर्ख आहेत का?

रेल्वेच्या लेखी लोकल आणि एक्स्प्रेस हे दोन वेगळे प्रवास आहेत. 1 एप्रिल 2019 पासून दोन पीएनआर जोडता येतात. पहिली गाडी उशिरा आल्यानं दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात. नियम चांगला आहे, पण लोकलच्या तिकिटाला किंवा पासाला पीएनआरच नसतो. म्हणजे लांबून एक्स्प्रेसनं येणाऱ्याला संरक्षण आहे, आणि लोकलनं येणाऱ्याचं कन्फर्म तिकीट गेलं ते गेलं.

आणखी एक गंमत. फेब्रुवारी 2022 मध्ये ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. लोकल आणि लांबच्या गाड्या वेगळ्या व्हाव्यात हा तिचा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण कल्याणला गाडी पकडायची म्हणून लोकलनं पुढं निघालेला माणूस आता या पट्ट्यात अडकला, तर शेजारून त्याचीच एक्स्प्रेस निघून जाऊ शकते.

लोकलसाठी एक्स्प्रेस थांबवा, असं माझं म्हणणं नाही. शेकडो लोकल आहेत, कुणासाठी म्हणून थांबवणार? पण लोकल उशिरा धावली याची नोंद रेल्वेकडेच असते. लोकलचं तिकीट आणि आरक्षण एकाच मोबाईल नंबरवर असेल, तर त्या रात्री मागच्या सोलापूर गाडीनं कुर्डुवाडीपर्यंत त्याच तिकिटावर जाऊ द्या. सीट नको, उभं राहू. हे रॉकेट सायन्स नाही. दादरला पश्चिम आणि मध्य दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता, लोक वर्षानुवर्षं गोंधळायचे. डिसेंबर 2023 मध्ये सलग 1 ते 14 नंबर दिले, गोंधळ मिटला. पाट्याच तर बदलायच्या होत्या.

आपल्या भागाला गाडी बदलणं नवं नाही. बार्शी लाइट रेल्वे 1897 ला सुरू झाली, 1911 ला लातूरला पोचली. रूळ अडीच फुटी, त्यामुळे कुर्डुवाडीला सगळ्यांनाच उतरावं लागायचं. ती गाडी धाराशिव शहरात यायचीच नाही, येडशीवरून जायची. ब्रॉडगेज झालं तेव्हा शहर रुळावर आलं. रूळ जोडले, वेळापत्रकं जोडायची राहिली. 2017 ला मुंबई–लातूर गाडी बिदरपर्यंत नेली तेव्हा लातूरकर चिडले होते. बाहेरच्यांना ते हट्टी वाटले. एकाच गाडीवर ज्यांचं येणं-जाणं आहे, ते चिडणारच.

तोवर तुम्ही काय कराल? पश्चिम उपनगरात राहत असाल तर दादरलाच बसा, पुढं जाऊन वेळ वाचवू नका. ठाण्याला बसायचं तर गाडीच्या वेळेआधी पाऊण तास पोचा आणि वडापाव खा. सोबत म्हातारं माणूस असेल तर सरळ सीएसएमटी. गाडी तिथूनच सुटते.

आता सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे 84 किलोमीटरचा मार्ग होतोय. जमीन किती गेली, मोबदला किती मिळाला, स्टेशन कुठं होणार, यावर गावागावांत चर्चा आहे. मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी सोलापूरला पोचते. तिच्यातून उतरलेल्या माणसाला तुळजापूर-धाराशिवची पहिली गाडी किती मिनिटांनी मिळणार, आणि सिद्धेश्वर उशिरा आली तर ती थांबणार का, हे खासदारांना अजून कुणी विचारलंय?